ताप उतरला, पण छातीतली धडधड थांबेना

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रात घरोघरी प्लेटलेटचे आकडे विचारले जातात. डेंग्यू असो, फ्लू असो, की नाव न कळलेला कुठलातरी ‘व्हायरल’, सगळ्यांचं लक्ष ताप आणि रक्ताच्या रिपोर्टवर. पपईच्या पानांचा रस पिऊन होतो, प्लेटलेट चढतात, डॉक्टर कामावर जायला परवानगी देतात. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रात्री डाव्या कुशीवर वळल्यावर, छातीत काहीतरी धप्पकन आपटतं. एक ठोका गायब, पुढचा दणक्यात. जिना चढला की नाडी पळते. कधी नुसतं ओट्यापाशी उभं राहिलं तरी पळते. घरचे म्हणतात, गॅस असेल. मोबाइलवर शोधलं तर पाचव्या मिनिटाला हृदय बंद पडायची लक्षणं समोर येतात.

२०२५च्या जून-जुलैमध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून तरुणांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि ही भीती आणखी पसरली. कोविड होऊन गेलेले लोक स्वतःची नाडी चाचपू लागले. त्यातल्या बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं, थोड्यांना मात्र खरंच तपासणीची गरज होती. हे दोन गट वेगळे कसे करायचे? किती जोरात जाणवतं यावरून तर नक्कीच नाही. माणसाला घाम फोडणारा ठोका अनेकदा निरुपद्रवी निघतो, आणि धोक्याची लय कित्येकांना कळतही नाही. हृदयाचा स्नायू शाबूत आहे का आणि बिघडलेली लय नेमकी कोणती, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळं अवलंबून आहे.

ठोका पडतो कसा

हृदयाला ठोका द्यायला मेंदूचा हुकूम लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात, वरच्या बाजूला, पेशींचा एक छोटा पुंजका असतो; त्याला सायनस नोड म्हणतात. तो आपणहून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा बारीक झटका तयार करतो. तो झटका आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मध्ये एका ठिकाणी क्षणभर थांबतो, मग खालच्या कप्प्यांत उतरतो आणि रक्त बाहेर फेकलं जातं. असं दिवसाला साधारण एक लाख वेळा. हा पुंजका आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश जोडीने १९०७ मध्ये जगापुढे मांडला. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता.

मेंदू हुकूम देत नसला तरी वेग कमी-जास्त करतो. शरीरात आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन फळ्या आहेत. एक वेग वाढवते: भीती, ताप, धावपळ या वेळी. दुसरी वेग उतरवते: झोपेत, जेवणानंतर. विषाणूच्या आजारानंतर होणाऱ्या धडधडीत हृदयाइतकाच या दोन फळ्यांचाही हात असतो.

आधीच पडून गेलेला ठोका

दिंडीत पखवाजाच्या थापेवर सगळे टाळ एकदम पडतात. एखादा टाळकरी थापेची वाट न बघता मध्येच टाळ वाजवतो. आवाज बारीक येतो, बाकीचे क्षणभर अडखळतात, आणि पुढच्या थापेला सगळे मिळून दणक्यात वाजवतात. हृदयात नेमकं हेच होतं. सायनस नोड सोडून दुसऱ्याच एखाद्या जागेवरून झटका वेळेआधी निघतो. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका मनगटावर लागतही नाही. त्यानंतर जरा मोठी विश्रांती पडते, तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका छातीत आपटल्यासारखा लागतो. आपल्याला वाटतं एक ठोका चुकला. खरं तर तो लवकर पडून गेलेला असतो, आणि घाबरवणारा दणका हा त्याच्यानंतरचा अगदी नीट ठोका असतो.

धडधाकट माणसाला २४ तास यंत्र लावून ठेवलं तरी त्यात असे काही अवेळी ठोके सापडतात. पुष्कळांना ते कधी कळत नाहीत. आजारानंतर कळू लागतात, कारण ते थोडे वाढलेले असतात आणि लक्षही तिकडेच लागलेलं असतं. रात्री नाडी संथ असते, दोन ठोक्यांत अंतर जास्त पडतं, आगंतुकाला शिरायला जागा मिळते. डाव्या कुशीवर हृदय बरगड्यांच्या जास्त जवळ येतं. म्हणून तक्रार रात्रीची, आणि बहुतेक वेळा डाव्या कुशीची.

व्यायामाने नाडी वाढल्यावर हे ठोके नाहीसे होत असतील तर ती चांगली खूण. व्यायामात वाढत असतील तर तपासणी पुढे ढकलू नये.

इथे घरातल्या ऑक्सिमीटरबद्दल सांगायलाच हवं. कोविडच्या काळात तो घरोघरी आला आणि अजून ड्रॉवरमध्ये आहे. दर दुसरा ठोका अवेळी पडत असेल, तर तो कमजोर ठोका बोटाच्या टोकापर्यंत पोचत नाही. हृदय ८४ वेळा पडत असतं आणि यंत्र ४२ दाखवतं. घरात पळापळ होते. अशा वेळी यंत्राच्या आकड्यावर निर्णय घेण्यात अर्थ नाही, कार्डिओग्राम काढल्यावरच खरा आकडा कळतो. बीपीचं घरगुती मशीनही अनियमित नाडीत गोंधळतं. एका मापावर विसंबून गोळी वाढवू-कमी करू नये.

विषाणू हृदयापर्यंत पोचतो तेव्हा

एकाच धडधडीची कारणं चार-पाच असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. सगळ्यात साधं कारण म्हणजे ताप. अंगातली उष्णता एक अंश सेल्सिअसने वाढली की नाडी मिनिटाला सुमारे १० ने वाढते. ताप गेला की हे ओसरतं. डेंग्यूत उलटाही प्रकार दिसतो: ताप उतरून माणूस सुधारत असताना नाडी ६० च्या खाली, कधी ५० च्याही खाली येते. चक्कर, भोवळ नसेल आणि बीपी ठीक असेल, तर बहुतेकांत ती काही दिवसांत आपणहून पूर्ववत होते.

गंभीर कारण म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज, मायोकार्डायटिस. कॉक्सॅकी, अॅडिनो, पार्व्हो, इन्फ्लुएन्झा, कोविड, क्वचित डेंग्यू आणि चिकुनगुन्या, अशा बऱ्याच विषाणूंमुळे ती होऊ शकते. काही विषाणू स्नायूच्या पेशीत शिरून तिची नासधूस करतात. पुष्कळदा मात्र जास्त नुकसान आपल्याच प्रतिकारशक्तीकडून होतं. विषाणूला हुसकताना ती स्नायूलाही सोडत नाही. सूज असते तोवर विजेची वाट खडबडीत होते. सूज उतरल्यावर कुठे व्रण राहिला, तर वीज त्याच्याभोवती फिरत राहू शकते आणि घातक वेगाची लय सुरू होऊ शकते. मायोकार्डायटिस झालेले बहुसंख्य लोक पूर्ण बरे होतात. काहींचं हृदय मात्र पुढे ताणून मोठं आणि दुबळं होतं, म्हणून ही शक्यता तपासल्याशिवाय सोडायची नाही. तापानंतर एक-दोन आठवड्यांत छातीत दुखणं, आडवं पडल्यावर दम लागणं, पायांवर सूज, न झेपणारा थकवा असेल, तर आधी हीच तपासावी.

तिसरं कारण बरेचदा राहून जातं: थायरॉइड. विषाणूच्या आजारानंतर काही आठवड्यांनी गळ्यातल्या या ग्रंथीला सूज येऊ शकते. गळा पुढून दुखतो, हात थरथरतात, घाम येतो, वजन उतरतं आणि नाडी पळते. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं. हृदयाच्या तपासण्यांवर हजारो रुपये घालवून मग टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करण्यापेक्षा ती पहिल्याच दिवशी केलेली बरी. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं, आणि रक्त कमी असलं की हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर पोटॅशियमही बघावं.

औषधंही कारणीभूत असू शकतात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, दम्याच्या पंपात साल्ब्युटामॉल. दोन्हींनी धडधड होते. अॅझिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक काही लोकांत हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ लांबवतं. केमिस्टकडून ‘सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणून आणलेल्या पट्टीचं नाव डॉक्टरांना सांगायला म्हणूनच लाजू नये.

उरलं पडून राहणं. त्याने हृदयाची ताकद किती झपाट्याने जाते हे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात मोजलं गेलं. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर ठेवलं. त्यांची श्रम करायची कमाल क्षमता चौथ्या भागाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीन आठवड्यांनी जेवढं नुकसान केलं होतं तेवढं तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही केलं नव्हतं. दोन आठवडे अंथरुणात काढून उठल्यावर पहिल्या मजल्यावर नाडी १३० होते, त्यात नवल नाही.

नुसतं उभं राहिलं तरी पळणारी नाडी

उठून उभं राहिलं की रक्त पायांकडे ओढलं जातं. वेग वाढवणारी फळी पायांच्या रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूकडचा पुरवठा टिकवते. विषाणूच्या आजारानंतर काहींमध्ये ही आवळण्याची यंत्रणा ढिली पडते, मग ती कसर हृदय पळून भरून काढतं. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढली (१२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींत ४०), बीपी मात्र फारसं पडलं नाही, आणि हा त्रास महिनोन्महिने टिकला, तर त्याला पॉट्स म्हणतात. हे नाव १९९३ पासून रूढ आहे. कोविडनंतर ते सर्वसामान्यांच्या कानावर आलं. पंधरा ते पन्नास वयातल्या स्त्रियांत हा त्रास जास्त दिसतो.

आणि नेमक्या त्यांनाच ‘टेन्शन घेता तुम्ही’ असं ऐकावं लागतं. पडलेल्या अवस्थेत काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ, एको (हृदयाची सोनोग्राफी) स्वच्छ, मग उरलं काय, तर मन! माझ्या मते हा निष्कर्ष आळशीपणाचा आहे. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजायची, मग भिंतीला टेकून उभं राहून दर दोन मिनिटांनी दहाव्या मिनिटापर्यंत मोजायची. या चाचणीला घड्याळाखेरीज काही लागत नाही. चक्कर येते म्हणून शेजारी कुणीतरी उभं असावं, एवढीच अट.

उपाय गोळ्यांपेक्षा सवयींचे आहेत: दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी होकार दिला तर जेवणात जास्त मीठ, पोटरी-मांडीला घट्ट बसणारे मोजे, एकदम भरपेट न जेवणं, फार गरम पाण्याने उभ्याने अंघोळ न करणं. मिठाबद्दल मुद्दाम सांगतो: ज्याला बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याने हा सल्ला स्वतःवर वापरू नये. व्यायाम सुरू करायचा तो बसून किंवा आडव्यानेच.

नाडीला ताल उरत नाही तेव्हा

एक्टोपिकमध्ये एक टाळ चुकतो, पखवाज चालू असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये, पखवाजच ऐकू येईनासा होतो आणि जो तो आपापला टाळ वाजवतो. वरचे कप्पे नुसते थरथरतात. मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी वेगळं लागतं, कसलीच पुनरावृत्ती सापडत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, आणि यातल्या पुष्कळांना धडधड जाणवतच नाही. रक्त पातळ करणारी गोळी लागेल की नाही हे वय, मधुमेह, बीपी, पूर्वीचे आजार पाहून ठरतं, धडधडीच्या जोरावरून नाही.

कोविडनंतर हे खरंच वाढतं का? अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. कोविड झालेल्या सुमारे १ लाख ५४ हजार जणांची तुलना न झालेल्यांशी केली. वर्षभरात एएफचं प्रमाण कोविड झालेल्यांत जवळपास पावणेदोन पट निघालं. त्यात बहुतेक उतारवयाचे पुरुष होते, तेव्हा हा आकडा पंचविशीच्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण साठीच्या वडिलांना तापानंतर अशी विस्कळीत नाडी लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून वाट बघू नये.

कार्डिओग्राम नॉर्मल आला, मग त्रास का होतो?

कार्डिओग्राम दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत ठोका अवेळी पडला नाही, तर कागदावर काहीच येत नाही. म्हणून २४ किंवा ४८ तासांचं होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावतात. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकाच्या शेवटी बनवलेलं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोंचं होतं, ते पाठीवर वाहून न्यावं लागे. आज ते पट्ट्याला अडकवता येतं. होल्टर लावल्यावर मात्र दिवसभर आराम करायचा नाही. रोजचं सगळं करायचं, जिनेही चढायचे आणि त्रास झाला की वेळ लिहून ठेवायची. तुम्हाला ४ वाजून १० मिनिटांनी दणका बसला आणि यंत्रात तेव्हा काहीच नसेल, तर तेही उत्तरच आहे.

होल्टरमधून आणखी एक कामाचा आकडा मिळतो: दिवसभरातल्या एकूण ठोक्यांपैकी किती अवेळी. लाखात हजार म्हणजे एक टक्का. स्नायू चांगला असेल तर त्याने सहसा काही बिघडत नाही. खालच्या कप्प्यांतून येणारे असे ठोके दहा टक्क्यांच्या पुढे गेले, म्हणजे रोज दहा हजारांहून जास्त, तर कालांतराने स्नायू थकू शकतो, म्हणून अशांचा एको ठरावीक काळाने परत करतात. टू-डी एको स्नायूची ताकद सांगतो, रक्तातलं ट्रोपोनिन स्नायूला ताजी इजा झाली का ते सांगतं, आणि एवढ्यावरही सूज किंवा व्रणाची शंका राहिली तर हृदयाचा एमआरआय. तो सगळ्यांना लागत नाही. धडधड आहे म्हणून थेट अँजिओग्राफीकडे धावण्याचीही गरज नसते. ती रक्तवाहिन्यांमधले अडथळे दाखवते, ठोक्याची लय नाही.

मग गोळी का देत नाहीत?

हा राग समजण्यासारखा आहे. माणूस होल्टर करून येतो, रिपोर्टवर ८०० एक्टोपिक लिहिलेले असतात, आणि डॉक्टर म्हणतात काही घ्यायची गरज नाही.

यामागे वैद्यकाने फार महागात शिकलेला धडा आहे. १९८०च्या दशकात डॉक्टरांना खात्री होती की हार्ट अटॅकनंतर दिसणारे अवेळी ठोके दाबले की मृत्यू टळतील. ठोके दाबणारी औषधंही होती, आणि ती ठोके खरंच दाबत. कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीत १९८९ मध्ये आकडे पुढे आले. औषध घेणाऱ्या ७३० पैकी ५६ जण दगावले. तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. कार्डिओग्राम सुधारला आणि माणसं गेली, कारण ठोके दाबणारं औषधच दुबळ्या हृदयात नवी, घातक लय पैदा करू शकतं. ते सगळे हार्ट अटॅक आलेले रुग्ण होते, तेव्हा हे आकडे धडधाकट हृदयाला लागू होत नाहीत. तरीही तेव्हापासून ‘दिसला ठोका की दाब’ हा खाक्या बंद झाला.

त्रास सहन होत नसेल तर हृदयाचा वेग उतरवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातली गोळी देतात. ती दम्याच्या रुग्णांना जपून द्यावी लागते. ठोके फारच जास्त असतील किंवा एको बिघडू लागला, तर मांडीतून तार नेऊन ती चुकार जागा जाळून टाकण्याचा उपाय आहे. मित्राला लागू पडलेली गोळी त्याच्याकडून मागून घेणं हा मात्र या विषयातला सर्वांत वाईट उपाय.

हे लशीमुळे तर नाही?

हासनच्या बातम्यांनंतर सगळ्यात जास्त फिरलेला प्रश्न हाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यावर आधीच अभ्यास केला होता. १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असलेल्या आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक मृत्यू झालेल्या ७२९ जणांची माहिती देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून गोळा केली आणि त्यांच्याच परिसरातल्या २,९१६ जिवंत व्यक्तींशी ताडून पाहिली. कोविडच्या लशीने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, आदल्या ४८ तासांत बेसुमार दारू, अमली पदार्थ किंवा अंगाला न झेपणारी मेहनत.

हा अभ्यास मृत्यूंचा आहे, धडधडीचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, तरुण मुलांमध्ये क्वचित मायोकार्डायटिस झाल्याचं परदेशात नोंदलं गेलं आहे. त्यातले बहुतेक सौम्य होते. भारतातली मोहीम प्रामुख्याने कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनवर चालली, त्या लशी वेगळ्या पद्धतीच्या. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसला आजच्या धडधडीबद्दल दोष देण्यापेक्षा, गेल्या महिन्यातला ताप आणि परवा घेतलेली सर्दीची गोळी आधी तपासावी.

जिम, क्रिकेट आणि सिंहगड

ताप असताना जिमला जाऊ नये. ‘घाम काढला की ताप पळतो’ हे सांगणारे अजून भेटतात. आणि अचानक मृत्यूच्या अभ्यासातल्या यादीतली शेवटची गोष्ट पुन्हा पाहा: अंगाला न झेपणारी मेहनत.

मायोकार्डायटिस पक्का झाला असेल तर तीन ते सहा महिने जोरकस व्यायाम आणि स्पर्धा बंद, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. हल्ली तपासण्या पाहून काहींना लवकरही मोकळीक देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. बायर्न म्युनिककडून खेळणारा कॅनडाचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिसला जानेवारी २०२२ मध्ये कोविडनंतर सौम्य मायोकार्डायटिस आढळला. इतका तंदुरुस्त खेळाडू, जगातल्या उत्तम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तो मैदानावर परतला एप्रिलमध्ये. ताप जाऊन आठवडा झाला नाही तोच सिंहगड चढायला निघणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात घ्यावी.

हृदय स्वच्छ निघालं असेल तर मात्र उलट वागायचं. पडून राहू नये. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं नाही तर दर आठवड्याला थोडं वाढवायचं. गळून गेलं तर एक पायरी खाली उतरायचं. जिना आणि चढ शेवटी.

चहा, घड्याळ आणि घरचे

चहा-कॉफी सोडायची का? सॅन फ्रान्सिस्कोत शंभर जणांवर केलेल्या एका प्रयोगात, कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले सरासरी १०२ वरून १५४ झाले, आणि झोप अर्ध्या तासाहून जास्त घटली. म्हणजे दोन कप चहाने आभाळ कोसळत नाही, पण संध्याकाळी सहानंतरचा कप झोपेतून वसूल होतो, आणि अपुऱ्या झोपेने ठोके वाढतात. आठवडाभर बंद करून बघावं. फरक पडला नाही तर सुखाने प्यावा. तंबाखू, मिशरी आणि दारू यांच्याबाबत मात्र ही सवलत नाही.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा उपयोग आहे, पण मर्यादित. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅपलच्या अभ्यासात ४ लाख १९ हजार लोकांनी घड्याळ वापरलं. अनियमित नाडीची सूचना आली ती अर्ध्या टक्क्याला. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला त्या काळात एएफ सापडला. सूचना आली तर डॉक्टरांना दाखवावी, तिला निदान समजू नये. घड्याळात कार्डिओग्रामची सोय असेल तर त्रास होत असतानाच ३० सेकंदांची नोंद घेऊन ठेवावी. ती डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते. तासातून वीस वेळा नाडी बघायची सवय मात्र मोडावी. भीतीने अॅड्रेनॅलिन वाढतं, त्याने ठोके वाढतात, त्यांनी भीती. याचा अर्थ त्रास काल्पनिक आहे असा होत नाही. भीती ही खरी रसायनं सोडते, आणि हृदय त्यांना प्रतिसाद देतं.

घरच्यांसाठी: ‘काही नाही, गॅस आहे’ आणि ‘अरे बापरे, चल आयसीयूत’ या दोन टोकांच्या मध्ये खूप जागा आहे. शेजारी बसून मनगटावर बोटं ठेवावी आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित नाडीत आकडा चुकतो.

थांबायचं नाही अशा वेळा

शुद्ध हरपली, विशेषतः चालताना किंवा खेळताना. छातीत दाब येऊन घाम फुटला. आडवं पडवेना इतका दम लागला. स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी बराच वेळ १२० च्या वर राहिली. तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करावा, स्वतः दुचाकी चालवत दवाखान्यात जाऊ नये. घराण्यात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं असेल, तर ठोके कितीही किरकोळ वाटले तरी एको आणि कार्डिओग्राम करून घ्यावा.

यातलं काहीही नसेल आणि एको चांगला असेल, तर धडधड हळूहळू विरत जाते. काहींची काही आठवड्यांत, काहींची कित्येक महिन्यांनी. पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्या: आजाराची तारीख, त्या काळात घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, धडधड केव्हा आणि काय करताना होते, आणि व्यायामाने ती वाढते की कमी होते. जुने कार्डिओग्राम असतील तर तेही सोबत ठेवावे, कारण नव्या कागदावरचा बदल आजाराआधीही होता का, हे त्यांच्यावरूनच कळतं.